एकोणीस लिटर आणि एक कप

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सव्वीस दिवस उरले होते, तेव्हा ओटाकारने औषधाच्या दुकानातून शुक्रवारची रजा काढली आणि खालच्या मजल्यावरच्या व्लास्ताबाईंचं दार वाजवलं. त्याला त्यांचं काकड्यांचं पातेलं हवं होतं. तीस लिटरचं, इनॅमलचं, दोन कानांचं पातेलं. काकड्यांच्या बरण्या उकळायला असं पातेलं इमारतीत एकच होतं आणि व्लास्ताबाई ते माणूस बघून द्यायच्या.

"मॅजिस्टर, तुम्ही काकड्या घालताय?" बाईंनी डोळे बारीक केले. फार्मसीच्या पदवीमुळे अख्खी इमारत ओटाकारला मॅजिस्टर म्हणायची.

"नाही हो. जरा एक काढा करायचाय."

"तीस लिटर काढा? आजारी कोण आहे, घोडा?"

ओटाकारला खोटं बोलता येत नसे. त्याचे कान लाल व्हायचे. ते झालेच, आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. घरी बिअर करायची आहे, चांगली कडक, हॉप्सच्या कडू बोंडांची, सासऱ्यांच्या वाढदिवसाला, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये.

"आलोइसना तुमच्या हातची बिअर पाजणार?" व्लास्ताबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. कडेलोटाकडे निघालेल्या माणसाकडे बघावं तसं. "न्या बाबा पातेलं. उद्या संध्याकाळी परत हवंय. आणि घासून!"

आता व्लास्ताबाईंना असं का वाटावं, ते सांगायला हवं. आलोइस म्हणजे गावच्या ब्रुअरीतला मोठा उस्ताद. एक्केचाळीस वर्षं नोकरी. ब्रुअरी बंद पडून चौदा वर्षं झाली, तरी गावात कुणी बिअरला नावं ठेवायची असली की आधी आसपास आलोइस नाही ना, ते बघून घ्यायचा. कौतुक करायचं असलं तरीही. कारण आलोइसना कौतुकही चुकीचं केलेलं चालत नसे. त्यांच्या तोंडून निघालेली सगळ्यात मोठी स्तुती "पिता येते" ही होती, आणि तीसुद्धा गावाने दोनदाच ऐकली होती.

दर बुधवारी चार वाजता पबच्या खिडकीजवळच्या टेबलावर जुन्या ब्रुअरीतले उरलेसुरले लोक बसायचे. आलोइस, काठीसारखा वाळका वेंडेलिन, आणि एके काळी पिंपांचा ट्रक चालवणारा ढेरपोट्या सिरिल. टेबलाच्या वरच्या लोखंडी आकड्यांना प्रत्येकाचा जाड काचेचा, कानाचा पेला टांगलेला, आणि त्यावर लाल रंगात एक संख्या लिहिलेली. आलोइसच्या पेल्यावर ३८, सिरिलच्या १२, वेंडेलिनच्या ६१. नोकरीची वर्षं असणार, असं ओटाकारने मनाशी ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांची एक्केचाळीस भरायला हवी होती, पण लष्करातली दोन आणि कावीळ झाली ते एक वर्ष वजा केलं असेल. वेंडेलिनची एकसष्ट जरा जास्तच वाटायची खरी. पण जुनी माणसं लहानपणीच कामाला लागायची, असं म्हणून त्याने तोही हिशेब जमवला होता.

चौथी खुर्ची ह्युगोची. दोन हिवाळ्यांपूर्वी ह्युगो गेला आणि शेवटच्या इच्छेप्रमाणे पेलाही बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून चौथा आकडा मोकळा होता आणि खुर्चीवर तिघांचे कोट ठेवलेले असायचे.

आणि ओटाकार? सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, तो दर बुधवारी सहा वाजता त्यांना गाडीने घरी न्यायला यायचा आणि दाराजवळ उभा राहायचा. उभाच! त्यांचा शेवटचा पेला संपेपर्यंत कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. कोटांना खुर्ची होती, जावयाला नव्हती. पोरगी दिली, पण टेबलावर जागा काही दिली नाही. ओटाकार तक्रार करणाऱ्यातला नव्हता, पण आत कुठेतरी दुखायचं. लहानपणीच वडील गेलेला माणूस. त्याला बिअरची काही एवढी ओढ नव्हती, त्या खुर्चीची होती.

एकदा गाडीत त्याने धीर करून विचारलंच.

"बाबा, त्या टेबलावर बसायला काय लागतं?"

आलोइस बाहेर हॉप्सच्या मळ्यांतले उंच खांब बघत होते. "पेला लागतो."

"आणि पेला मिळायला?"

"बिअरच्या बाबतीत हातून काहीतरी घडलेलं असावं लागतं, मॅजिस्टर. तुम्ही गोळ्या मोजा. उत्तम मोजता."

ते वाक्य ओटाकारला रुतून बसलं. हातून काहीतरी घडावं लागतं ना? मग घडवूनच दाखवतो, म्हणाला.

शिलाई मशिनच्या खणात त्याला सासऱ्यांची जुनी निळी वही सापडली होती. तिच्या मधल्या पानावर त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'तोडणीची बिअर. वीस लिटर. हॉप्स पाचशे ग्रॅम.' खाली माल्ट किती, पाणी किती गरम, उकळी किती वेळ, सगळं होतं. ओटाकारला गहिवरून आलं. हे म्हणजे डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शनच की! आणि प्रिस्क्रिप्शन वाचण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

हॉप्स त्याने शाळासोबत्याकडून आणले. त्याचे मळे होते. गेल्या वर्षीचे वाळवलेले, दाबून पोत्यात भरलेले हॉप्स त्याने काढून दिले, पण देता देता तो थबकला.

"अर्धा किलो? वीस लिटरला? नक्की ना रे?"

"आलोइसच्या वहीत आहे."

"असं होय?" मित्राने टोपी मागे सारली. "त्यांच्या वहीत आहे म्हटल्यावर आपण कोण बोलणारे!"

शुक्रवारी सकाळी बायको ब्लांका बालवाडीत शिकवायला गेली आणि ओटाकार कामाला लागला. माल्टचं पाणी त्याने दुकानातल्या थर्मामीटरवर अर्ध्या अंशाचाही फरक न पडू देता तयार केलं. गाळलं, उकळायला ठेवलं. मग दुकानातला काटा काढून हॉप्स मोजले. चारशे नव्व्याण्णव ग्रॅम भरले, म्हणून एक बोंड आणखी टाकलं.

पाचशे ग्रॅम वाळके हॉप्स म्हणजे एक अख्खी उशी. पातेल्यात पडल्यावर ते आधी नुसते तरंगले, आणि मग भिजवलेल्या पोह्यांसारखे फुगायला लागले. फुगता फुगता कढ काठावर आला. ओटाकारने गॅस बारीक केला, डाव फिरवला, फुंकर घातली. हिरवा फेस सावकाश शेगडीवर उतरला, तिथून ओट्यावर आणि ओट्यावरून त्याच्या सपातांत.

वास तर विचारू नका! एका पाइपात इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांचं वायुवीजन होतं. त्या पाइपाने तो कडवट दरवळ आठही मजल्यांवर पोचवला. पाचव्या मिनिटाला व्लास्ताबाई दारात दत्त म्हणून उभ्या.

"मॅजिस्टर! माझे धुतलेले टॉवेल दारूच्या गुत्त्यासारखे वास मारतायत! आणि हे काय, पातेल्यात गवत शिजवताय?"

"वहीत असंच आहे, व्लास्ताबाई."

"आलोइसच्या?" बाईंचा आवाज लगेच खाली आला. "मग असेल बाई."

बघा, मोठ्या माणसाच्या नावाचा दरारा असा असतो. दोन शहाणी माणसं 'हे फार होतंय' म्हणत होती आणि दोघांनीही वहीपुढे मान तुकवली. ओटाकारला तर शंकासुद्धा आली नाही.

गाळायला घरात एवढं मोठं फडकं नव्हतं, म्हणून त्याने उशीचा अभ्रा घेतला. अर्ध्यावर अभ्रा फाटला आणि हॉप्सचा चोथा खाली ठेवलेल्या पिंपात गेला. पाणी घालून त्याने बरोबर वीस लिटर केले, बाथटबमध्ये थंड पाणी भरून पिंप गार केलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं, झाकणात गॅस जायला नळी बसवली आणि पिंप कोठीच्या खोलीत मुरंब्यांच्या फळीखाली ठेवलं. वर कोयंड्याला कुलूप घातलं. संध्याकाळी ब्लांका आली तेव्हा नवरा ओट्यापाशी खुर्चीत गाढ झोपला होता. दिवसभर हॉप्सची झोप आणणारी वाफ घेतल्यावर दुसरं काय होणार?

"अरे ओटा, माझा अभ्रा!"

"पेल्यासाठी गेला गं तो," ओटाकार झोपेतच म्हणाला.

ब्लांकाला सगळं ठाऊक होतं आणि पटत काहीच नव्हतं. पण दर बुधवारी पबमधून परतणाऱ्या नवऱ्याचं तोंड तिने अकरा वर्षं बघितलं होतं. ती अभ्रा धुवायला घेऊन गेली.

सगळी गडबड झाली ती रविवारी. रविवारी आलोइस लेकीकडे जेवायला यायचे. हे ओटाकारच्या लक्षात नव्हतं असं नाही, पण बिअर इतक्या लवकर बोलायला लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं. शनिवारी रात्रीपासून कोठीतून "पुस्स... पुस्स..." ऐकू येत होतं. रविवारी बारा वाजता आलोइस कोट काढून सूपापुढे बसले आणि कोठीतून स्पष्ट आवाज आला, "पुस्सऽऽ!"

आलोइसचा चमचा हवेत थांबला. ते फार बोलत नसले तरी त्यांच्या कानांनी एक्केचाळीस वर्षं हाच आवाज ऐकला होता.

"फ्रिज आहे, बाबा," ब्लांका पटकन म्हणाली. "जुना झालाय."

"फ्रिज तुझ्या मागे आहे."

"हो, म्हणजे... आवाज तिकडे जातो."

ओटाकारचे कान लाल झाले. "मी बघतो जरा," म्हणत तो कुलूप काढून कोठीत शिरला. नळीत हॉप्सचा चोथा अडकला होता आणि उरलेल्या भोकातून गॅस शिट्टी मारत होता. त्या क्षणी शहाण्या माणसाने नळी मोकळी केली असती. पण ओटाकारला फक्त आवाज बंद करायचा होता. त्याने नळी काढली, भोकात बूच ठोकलं, आणि झाकण उडू नये म्हणून वर व्लास्ताबाईंनी दिलेल्या काकड्यांची पाच किलोची बरणी ठेवली. शांत झालं. तो हात पुसत परत आला आणि बदकाची तंगडी वाढून घेतली.

"दुरुस्त झाला?" आलोइसने विचारलं.

"कोण?"

"फ्रिज."

"हो, हो. अगदी."

बदक संपलं, कोबी संपला, उकडलेल्या मैद्याच्या वड्या दुसऱ्यांदा फिरल्या. ओटाकारला हायसं वाटायला लागलं. आज पहिल्यांदाच सासऱ्यांनी त्याच्या दुकानाची चौकशी केली. तो मोठ्या हुरूपाने खोकल्याच्या औषधांबद्दल सांगायला लागला, आणि कोठीत तोफ उडाली.

आधी धडाम्! मग काचा. मग फळी कोसळल्याचा आवाज, मग काहीतरी जड आडवं झाल्याचा, आणि शेवटी सगळं स्थिरस्थावर झाल्यावर दाराखालून हिरवट तपकिरी फेसाची एक जीभ सावकाश बाहेर आली. ती थेट आलोइसच्या बुटांकडे निघाली.

आलोइस उठले, फेस ओलांडला आणि कोठीचं दार उघडलं. काकड्यांची बरणी फुटलेली. झाकणाने मुरंब्यांची फळी उडवलेली आणि फळीने पिंप आडवं केलेलं. नुकत्याच रंगवलेल्या छताला हॉप्सची बोंडं चिकटलेली, आणि त्यातलं एखादं सवडीने टपकन खाली पडत होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. व्लास्ताबाई! त्यांच्या केसांत हिरवे तुषार.

"पाइपाच्या भोकातून माझ्या कोठीत पाऊस पडतोय! सत्तेचाळीस बरण्या मांडल्यात मी तिथे! मॅजिस्टर, मी तेव्हाच म्हटलं होतं, हे गवत—" त्यांना आलोइस दिसले. "नमस्कार. वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा."

ओटाकारच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. वही, पातेलं, वाढदिवस, टेबल, खुर्चीसुद्धा. खुर्चीचं बोलायचं नव्हतं त्याला, पण निघून गेलं. आलोइस ऐकत होते. मग त्यांनी आडव्या पिंपाच्या तळाशी उरलेलं डावाने कपात घेतलं. कप बरोबर भरला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हॉप्स किती?"

"पाचशे ग्रॅम. बरोब्बर. तुमच्या वहीत होतं तेवढंच."

"वाळलेले?"

"हो, अर्थात..."

"वहीतले ओले आहेत," आलोइस म्हणाले. "तोडणीची बिअर आहे ती. मळ्यातून तोडायचे आणि तासाभरात उकळीत टाकायचे. वाळवले की पाचाचा एक होतो."

ओटाकारने छताकडे बघितलं. पाचपट! आयुष्यभर मिलिग्रॅम मोजणाऱ्या माणसाने पाचपट डोस दिला होता. ढसाढसा रडावं, असं वाटलं त्याला. खरंच वाटलं.

"सांडली किती?" आलोइसने विचारलं.

"वीस लिटर होती. तुमच्या हातातला कप वजा करून एकोणीस लिटर आठशे."

आलोइसने मान हलवली आणि कप घेऊन ते बाल्कनीत गेले. दार लावून घेतलं. काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि मागे कललेलं डोकं. थोड्या वेळाने ते आत आले. कप रिकामा होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, कोट घातला, लेकीच्या गालाचा मुका घेतला आणि निघून गेले. गोडाचं तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी नवरा-बायको शिडीवर चढून छत पुसत होती.

"संपलं सगळं," ओटाकार म्हणाला. "आता मला दाराशीही उभं करणार नाहीत."

"पण ओटा, प्यायले ना ते? अख्खा कप!"

"प्यायले खरे," ओटाकार म्हणाला. पुढचे तेवीस दिवस त्याला तेवढाच काय तो आधार होता. दुकानात गिऱ्हाइकाला मलम देता देता तो मध्येच थांबायचा. प्यायले. पाचपट कडू, चोथा तरंगणारी, दोन दिवसांची बिअर, आणि बाबा एक थेंब न ठेवता प्यायले. आपलं मन मोडू नये म्हणून प्यायले. हे आठवलं की त्याला भरून यायचं. वाईट एवढंच की त्याच सुमारास बाल्कनीतलं ब्लांकाचं लाल जिरेनियम पिवळं पडलं आणि गेलं. ब्लांकाने खत घालून बघितलं, माती बदलून बघितली. व्लास्ताबाईंचं म्हणणं, घरातली हवाच कडू झालीय.

बुधवारी, वाढदिवसाच्या दिवशी, ओटाकार सहा वाजता पबमध्ये पोचला. हातात बायकोने बांधून दिलेलं लोकरीचं जाकीट, चेहऱ्यावर आजारी माणसाची कळा. तो नेहमीच्या जागी दाराजवळ उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे टेबलाकडे बघितलं.

कोट खुर्चीवर नव्हते, खिडकीच्या कठड्यावर होते.

"दार अडवून काय उभा आहेस?" आलोइस म्हणाले. "ये इकडे."

ओटाकारने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तो टेबलापाशी गेला. चौथ्या आकड्याला एक पेला टांगलेला होता, कोरा करकरीत, आणि त्यावर ताज्या लाल रंगात लिहिलं होतं : ०.२.

"हे... हे काय आहे?"

"तुझं," सिरिल ढेरी हलवत म्हणाला. "सांडलेल्या शंभर लिटरला एक. तुझे वीस झाले, म्हणून शून्य पूर्णांक दोन. माझे बाराशे. दरवाजा नीट न लावता ट्रक चढावर घातला होता मी."

"म्हणजे ही नोकरीची वर्षं नाहीत?"

वेंडेलिन हसता हसता खोकायला लागला. "एकसष्ट वर्षं नोकरी! अरे, व्हॉल्व्ह उघडा टाकून जेवायला गेलो होतो मी. पुढच्या गावापर्यंत ओढ्याला फेस होता. बदकं तीन दिवस वाकडी चालत होती."

"चांगली बिअर केली म्हणून या टेबलावर कुणी बसत नाही," आलोइस म्हणाले. "चांगली बिअर सगळेच करतात, पगार त्याचाच मिळतो. सांडल्यावर जो किती सांडली ते खरं सांगतो, तो इथे बसतो. मी विचारलं, तू मिलिलिटरसकट सांगितलंस."

"आणि... तुमची अडतीस, बाबा?"

आलोइसने पेला हातात फिरवला. "हॉस्पिटलातून फोन आला. मुलगी झाली म्हणाले. मी नळ चालू सोडून धावलो." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझी बायको ती. अडतीसशे लिटर. तू तिच्यासाठी एवढी वर्षं दाराशी उभा राहिलास, म्हणजे फिट्टंफाट झाली म्हणायची."

ओटाकारने नाक पुसलं, खुर्ची ओढली, पेला काढून उजेडात धरला. आणि मग त्याच्यातला औषधवाला जागा झाला. काय करणार, स्वभाव!

"बाबा, हा आकडा मात्र बरोबर नाही. शून्य पूर्णांक एक नऊ आठ हवा. एक कप सांडला नव्हता. तो तुम्ही प्यायलात."

वेंडेलिन छताकडे बघायला लागला. सिरिलने तोंडावर रुमाल धरला.

"ब्लांकाचं जिरेनियम कसं आहे?" आलोइसने विचारलं.

"गेलं हो. काय झालं कळलंच नाही, तीन आठवड्यांत पार..." ओटाकार बोलता बोलता थांबला.

"मग आकडा बरोबर आहे," आलोइस म्हणाले. "बस आता. बिअर गरम होतेय."